मैदानाची खूण कशी तयार होते: आमच्या पंपघरावरून सांगतो

परवा शेजारच्या गावातली चार-पाच पोरं आली होती. त्यांच्या मैदानाला नवीन कमान बांधायची आहे, सिमेंटची, वर दोन सिंह, आत एलईडी, आणि त्यांना विचारायचं होतं की दादा तुमच्या पंपघराचं एवढं नाव कसं झालं, टुर्नामेंटच्या पोस्टरवर पण तेच, बेळगावातनं खेळायला येणारी टीम पण आधी तिथं जाऊन फोटो काढती, आम्हाला पण तसं काहीतरी पाहिजे. मी त्यांना बसवून घेतलं, दोनदा चहा झाला, आणि जे सांगितलं तेच इथं लिहून काढतोय, कारण आपल्या सीमाभागात गावोगावी मैदानं आहेत, आखाडे आहेत, आणि दर वर्षी कुठं ना कुठं जुनं काहीतरी पाडून नवीन बांधायचं चाललेलं असतंय.

आधी आमचं काय आहे ते सांगतो. गाव बेळगावपासून खानापूरच्या बाजूला. मैदानाच्या कडेला, मिडविकेटला, जांभ्या दगडाची एक खोली आहे, साधारण दहा बाय बारा, वर मंगलोरी कौलं, एक दार, एक लहान खिडकी. पूर्वी तिथं विहीर होती आणि विहिरीवरचा पंप या खोलीत होता. विहीर बुजली, पंप गेला, खोली राहिली. एवढंच. कुणी मोठ्या माणसानं बांधलेली नाही, कोरीव काम नाही, कुठल्या राजाचा पाय लागलेला नाही. आणि आज ती खोली नसली तर आमचं मैदान कुणाला ओळखू येणार नाही.

तर पहिलं काम, बांधायला जाऊ नका. आधी शोधा. एक अख्खी टुर्नामेंट वही घेऊन कडेला बसा आणि लोक काय बोलतात ते ऐका, म्हणजे फोनवर पत्ता सांगताना काय सांगतात, गाडी कुठं लाव म्हणतात, पोराला हरवू नये म्हणून कुठं थांबायला सांगतात, कॅप्टन फिल्डरला सरकवताना कशाचं नाव घेतोय. “जरा पिंपळाकडं सरक”, “टाकीच्या लायनीत ये”, “पायरीजवळ थांब, आलोच”. जे नाव वहीत सगळ्यात जास्त वेळा येईल ती तुमची खूण, ती दिसायला कशी का असेना. आमच्यात कमिटीला वाटायचं की गेट ही आपली खूण, गेटवर खर्च झाला होता, खरं तीन दिवस बसून लिहिलं तेव्हा गेटचं नाव कुणीच घेत नव्हतं. सगळे पंपघर पंपघर म्हणत होते.

आणि ती चीज क्षुल्लक कारणानं उभी राहिलेली असली तरी लाजायचं कारण नाही. अमेरिकेत बॉस्टनला फेनवे पार्क म्हणून बेसबॉलचं मैदान आहे, १९१२ चं. तिथं लेफ्ट फिल्डला एक भली उंच भिंत आहे, ३७ फूट. ती काय शोभेला बांधली नव्हती, बाहेरच्या रस्त्यावरनं फुकट मॅच बघणाऱ्यांना अडवायला आणि जागा कमी होती म्हणून बांधली. आधी लाकडाची होती, १९३४ मध्ये पक्की केली. आज जगात बेसबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा, त्या भिंतीचं नाव सांगेल, ग्रीन मॉन्स्टर. म्हणजे फुकट्यांना अडवायची भिंत ती मैदानाचा जीव झाली, मग आमची पंपाची खोली का होऊ नये.

आता दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. त्या वास्तूला खेळात काम पाहिजे. नुसती बघायची चीज लोक दोन दिवस बघतात, फोटो काढतात, तिसऱ्या दिवशी विसरतात. ग्रीन मॉन्स्टरवर बॉल आपटून परत येतोय, दुसऱ्या मैदानावर जो होमरन (आपल्या सिक्ससारखा) गेला असता तो इथं भिंतीला लागून खाली पडतोय, आणि दुसरीकडं जो सोपा कॅच असता तो इथं भिंतीला लागून हिट होतोय. म्हणजे प्रत्येक मॅचमध्ये भिंत खेळती. इंग्लंडमध्ये कँटरबरीला क्रिकेटच्या मैदानात बाउंड्रीच्या आतच एक लाइमचं झाड होतं, आपलं लिंबू नव्हे, तिकडचं मोठं सावलीचं झाड, साधारण दोनशे वर्षं जुनं. ते तोडलं नाही कुणी, उलट नियम केला की बॉल झाडाला लागला की चार रन. काउंटीचं मैदान आहे ते, मोठमोठे खेळाडू तिथं त्या नियमानं खेळले.

आमच्याकडं नियम असा आहे: भिंतीला टप्पा पडून लागला तर चार, सरळ भिंतीला किंवा कौलावर पडला तर सहा, आणि बॉल कौलात अडकला तर तिथंच डेड, काढायला पोर वर चढवायचं नाही. टॉसच्या वेळी अंपायर दोन्ही कॅप्टनला पंपघराकडं बोट करून हा नियम सांगतोय, बाहेरची टीम असली तर जवळ नेऊन दाखवतोय. ही टॉसची गोष्ट बारीक वाटेल खरं त्यामुळंच बाहेरच्या पोरांच्या डोक्यात ती खोली पहिल्याच दिवशी बसती.

इथं आमची एक चूक झाली होती ती पण सांगतो, म्हणजे तुम्ही करू नका. एका वर्षी आम्ही उत्साहात कौलावर पडला की आठ रन असं केलं. पब्लिक खूश, खरं खेळ बिघडला. एका एंडनं उजव्या हाताच्या बॅट्समनला ती बाजू पुलची पडती, मग प्रत्येक जण तिकडंच आडवी बॅट फिरवू लागला, बॉलर सगळे ऑफच्या बाहेर लांब टाकू लागले, वाइडचा ढीग, आणि डावखुऱ्याला त्याच एंडनं काहीच फायदा नाही. सेमीफायनल त्या एका आठ रनवर गेली आणि हरलेली टीम बक्षीस न घेता निघून गेली. दुसऱ्या वर्षी परत सहा केलं. म्हणून सांगतो, वास्तूला काम द्या खरं ते दोन्ही टीमला सारखं पडलं पाहिजे, आणि खेळाच्या मूळ नियमापेक्षा मोठं नको.

काम म्हणजे दर वेळी बॉलच लागला पाहिजे असं नाही. स्कोअर तिथनं दाखवा. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड ओव्हलला १९११ चा स्कोअरबोर्ड आहे, आतमध्ये माणसं बसून हातानं आकडे फिरवतात, अजून चालू आहे, शेजारी सगळं स्टेडियम नवीन झालं तरी तो ठेवलाय. आम्ही पंपघराच्या बाहेरच्या भिंतीला चार खिळे मारून पत्र्याचे काळे आकडे अडकवतो (खिळे दगडात नाही, दरजेत म्हणजे दोन दगडांमधल्या फटीत मारा, दगड फुटतोय). टीव्ही स्क्रीन लावा म्हणून एक जण मागं लागला होता. मी म्हटलं लाव, खरं पलीकडच्या बाजूला लाव. हाताचा आकडा फिरवायला सातवी-आठवीची पोरं भांडतात आणि ज्या पोरानं आठवीत तिथं आकडे लावले तो पुढं पुण्याला नोकरीला गेला तरी त्या खोलीला विसरत नाही. प्रेम असंच बसतंय.

कुस्तीवाल्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्या भागात क्रिकेटइतकंच कुस्तीचं आहे आणि आखाड्यात अशी वेगळी खोली-भिंत नसती. तिथं आकार हीच खूण. कोल्हापूरचं खासबाग बघा, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, ते पण १९१२ चंच. महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले होते, रोमचं जुनं कलोसियम त्यांनी बघितलं आणि त्यावरनं हे सुचलं असं सांगतात. मैदान जमिनीच्या खाली उतरतंय, मधे हौदा, आणि चारी बाजूनं उतार चढत गेलाय, त्यामुळं सगळ्यात मागं बसलेल्या म्हाताऱ्याला पण पैलवानाचा हात कुठं गेला ते दिसतंय. पुढच्याच्या डोक्याआडनं बघावं लागत नाही. बेळगावातनं आमच्या वडिलांच्या पिढीची माणसं लाल गाडीनं तिकडं कुस्त्या बघायला जायची आणि परत येऊन जोडी कुणाची होती त्याच्या आधी मैदान कसं आहे ते सांगायची. तर तुमच्या गावात जत्रेच्या कुस्त्या होतात तिथं मातीचा गोल बांध असेल तर तो बांध म्हणजे तुमचं खासबाग आहे. तो सपाट करून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडू नका. उतार नीट करा, पाणी जायला एका बाजूला चर ठेवा, वर हरळी वाढू द्या म्हणजे पावसात माती वाहून जात नाही, आणि हलगीवाल्यांची जागा बांधावर एकच ठेवा, दर वर्षी तीच. आवाज कुठनं येतोय हे पण लोकांच्या लक्षात राहतंय.

नावाबद्दल. नाव तुम्ही ठेवू नका. कमिटीनं ठेवलेलं नाव बोर्डावर राहतंय, तोंडात येत नाही. आमच्या खोलीला आधी सगळे पंपघरच म्हणायचे. मग एका वर्षी बैलहोंगलच्या बाजूची एक टीम आली, सगळी कन्नड बोलणारी पोरं, त्यांचा ओपनर उंच होता, त्यानं एक बॉल सरळ कौलावर घातला आणि त्यांची सगळी टीम उठून ओरडायला लागली, “हंचिन मने! हंचिन मने!” म्हणजे कन्नडमध्ये कौलाचं घर. आमच्या पोरांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या मॅचपासून कॉमेंट्रीवाला पण तेच म्हणू लागला, आणि आता तर लहान पोरं “हंच्यावर टाकला” असं म्हणतात, अर्धं कन्नड अर्धं मराठी. आपल्याकडं घरात मराठी, बाजारात दोन्ही, शेतात दोन्ही असं चालतंय, तर मैदानावरच्या खोलीचं नाव पण तसंच आलं आणि मला त्याचा फार आनंद आहे, कारण त्या दिवसापासून ती खोली आमच्या एकट्या गावाची राहिली नाही. एका मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं होतं की पुढाऱ्याचं नाव देऊया, निधी मिळेल. आम्ही नको म्हटलं. निधी दुसऱ्या कामाला मागा.

मग झाकण्याचा प्रश्न. हा सगळीकडं आहे. मैदानावर एक मोठी भिंत दिसली की स्पॉन्सरचा फ्लेक्स तिथंच लागतोय. फेनवेची भिंत पण पूर्वी जाहिरातींनी भरलेली असायची, साबण, ब्लेड, दारू, १९४७ मध्ये सगळं पुसून पूर्ण हिरवी रंगवली आणि त्यानंतरच तिला ते नाव चिकटलं. म्हणजे आधी भिंत मोकळी झाली मग दिसायला लागली. आमच्याकडं एका वर्षी एका स्पॉन्सरनं अख्ख्या पंपघराला फ्लेक्स गुंडाळला, छताच्या खालपासून जमिनीपर्यंत. त्या वर्षीचे सगळे फोटो बघितले तर कुठल्या मैदानाचे आहेत ते कळत नाही. वरनं टुर्नामेंट संपल्यावर फ्लेक्स कुणी काढलाच नाही, वळवाचा पाऊस आला, मागं ओल धरली, दगडावर काळं शेवाळ आलं ते घासायला आम्हाला पुढं दोन रविवार गेले. तेव्हापासून नियम, खोलीवर जाहिरातीचं काहीही लावायचं नाही, स्पॉन्सरला समोरच्या बाजूला लोखंडी पाइपची चौकट करून दिली आहे आणि त्याला सांगतो, बाबा, कॅमेरा पंपघराकडनं लागतोय, तुझी जाहिरात समोरच आहे, जास्तच दिसेल. ऐकतात. आजपर्यंत या कारणानं एकही स्पॉन्सर गेला नाही.

समोरची जागा पण मोकळी ठेवा. गाड्या, पाण्याचा टँकर, जनरेटर, वडापावचा गाडा, सगळ्यांना तिथंच सावलीला यायचं असतंय. चुन्याची फक्की मारून पंधरा पावलं रेघ ओढा.

आता प्रसंग. हे विकत मिळत नाही, खरं त्याला जागा करून देता येती. लॉर्ड्सची बाल्कनी म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यासमोर काय येतंय? १९८३ ला कपिल कप घेऊन उभा, आणि २००२ ला नॅटवेस्टच्या फायनलला गांगुली टी-शर्ट फिरवतोय. ते पॅव्हेलियन १८९० चं आहे, विटांचं, सुंदर आहे, खरं आपण त्याच्यावर प्रेम करतोय ते त्या दोन दिवसांमुळं. बाल्कनी मैदानाकडं तोंड करून होती, उंचावर होती, सगळ्यांना दिसत होती, म्हणून प्रसंग तिथं घडला. मुंबईत वानखेडेवर २०११ च्या फायनलला धोनीचा शेवटचा सिक्स जिथं जाऊन पडला त्या खुर्च्या आठवण म्हणून वेगळ्या करून ठेवल्यात, बघा, खुर्चीच ती, एका बॉलमुळं खूण झाली.

म्हणून आम्ही काय केलं, बक्षीस वाटप शामियान्यातनं काढून पंपघराच्या पायरीवर आणलं. पायरी दोनच आहेत. वरच्या पायरीवर जिंकलेला कॅप्टन, खालच्या पायरीवर बाकीची टीम, मागं दार. दर वर्षी त्याच जागेवरनं, त्याच अंतरावरनं फोटो, मी जमिनीत एक दगड पुरून ठेवलाय फोटोवाल्यानं तिथं उभं राहायचं म्हणून. दहा-बारा वर्षांचे फोटो एका ओळीत लावले की पोरं बदलतात, कपडे बदलतात, मोबाइलमुळं फोटोचा रंग बदलतोय आणि दार तेच. हे फोटो फ्रेम करून आतल्या भिंतीवर लावलेत. लॉर्ड्सला शतक मारणाऱ्याचं नाव बोर्डावर चढतंय, आपल्या दिलीप वेंगसरकरांचं तीनदा चढलंय, १९७९, १९८२, १९८६. आम्ही आत एक लाकडी फळी लावली आणि ज्यानं फायनलला कौलावर सिक्स मारला त्याचं नाव आणि साल रंगानं लिहितो. फक्त फायनलला. लीग मॅचची नावं लिहायला लागलो तर फळीची किंमत राहायची नाही. काही वर्षं एकही नाव नाही, ती जागा रिकामी सोडलीय मुद्दाम, साल लिहून. लोक ती रिकामी सालं पण वाचतात.

आता देखभाल, यावर जरा जास्त लिहितो कारण प्रेम आहे म्हणणारे खूप भेटतात आणि मिरगाच्या आधी शिडी धरायला चारच जण येतात. आपला पाऊस कसा असतोय तुम्हाला माहीत आहे, खानापूरच्या बाजूला तर विचारू नका. जांभा दगड खाणीतनं काढताना मऊ असतोय, हवा लागली की कडक होतोय, खरं त्याला भोकं असतात आणि तो पाणी पितो. त्याला बाहेरनं सिमेंटचा गिलावा करू नका. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, आतनं दगड भुसभुशीत होतोय आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. ऑइलपेंट तर अजिबात नको. आम्ही दगड तसाच लाल ठेवलाय, दरजा चुना आणि बारीक वाळूनं भरल्यात, आणि फक्त दाराभोवती आणि वर छताखाली वीतभर पट्टा पांढरा चुना मारतो, त्यामुळं लांबनं लालवर पांढरं उठून दिसतंय.

चुना कसा करायचा विचारतात म्हणून सांगतो. कळीचा चुना आणा, तयार पावडर नको. लोखंडी बॅरलमध्ये आधी पाणी घ्या आणि त्यात खडे थोडे थोडे सोडा, उलटं करायचं नाही, खड्यावर पाणी ओतलं की उसळून डोळ्यात जातंय, चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा. प्लास्टिकचं बॅरल नको, उकळी फुटती त्यानं वितळतंय. आठ-दहा दिवस भिजू दे, वर पाणी राहिलं पाहिजे. मग कापडानं गाळून, थोडा भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालून ताकासारखं पातळ करा. भिंत आधी ओली करा, संध्याकाळी मारा, उन्हात मारलेला चुना हाताला लागतोय. एकच जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात, मधे एकेक दिवस सोडून.

कौलं दर वर्षी परतायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मिरगाच्या आधी. सगळी उतरवायची गरज नाही, फुटलेली, सरकलेली बघायची, खाली रीपा कुजल्यात का ते टोचून बघायचं, आढ्यावरची कौलं बसलीत का बघायचं. क्रिकेटमुळं आमची दर सीझनला बरीच फुटतात, टेनिस बॉलनं नाही फुटत, बॉल काढायला चढलेल्या पोरांच्या पायानं फुटतात, म्हणूनच तो डेड बॉलचा नियम. खानापूरला कौलांचा धंदा जुना आहे, तिथनं कुणाच्या तरी पाडलेल्या घराची जुनी कौलं बघून आणतो, कारण नवीन कौल मापाला थोडं कमी-जास्त येतंय आणि खाच बसत नाही. पन्नास एक कौलं नेहमी आत रचून ठेवलेली असतात.

पिंपळाचं रोप दरजेत दिसलं की त्याच दिवशी काढा. नुसतं वरनं तोडलं तर मूळ आत जाड होतंय आणि दोन वर्षात दगड सरकतोय. मुळासकट ओढून काढायचं, दरजा परत भरायची.

कागदाचं काम पण करून ठेवा, हे कंटाळवाणं आहे खरं याच्यावरच सगळं उभं आहे. जागा गायरान आहे, पंचायतीची आहे, देवस्थानची आहे की कुणाची खासगी, उतारा काढून बघा. पंचायतीची असली तर पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकारी) नावानं अर्ज द्या, कन्नडमध्ये लिहून घ्या म्हणजे काम लवकर सरकतंय, आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या की ही वास्तू मैदानाचा भाग आहे आणि सभेला विचारल्याशिवाय पाडायची नाही. ठरावाची नक्कल फोटोशेजारी फ्रेम करून लावा. आमच्यावर एकदा वेळ आली होती. खोली पाडून तिथं कायमचं स्टेज बांधायचं ठरलं होतं, मार्किंग पण झालं होतं, सकाळी आम्हाला चुन्याच्या खुणा दिसल्या. आम्ही भांडलो नाही. पंधरा जुन्या कॅप्टनना बोलावलं, त्यातले दोघं वयानं साठीच्या पुढचे, आणि ते ग्रामसभेत फोटो घेऊन उभे राहिले, प्रत्येकानं आपापला फोटो. बोलायला फार लागलं नाही. स्टेज आता पलीकडच्या बाजूला आहे आणि चांगलं झालंय.

आणि समजा खरंच काढावं लागलं, रस्ता रुंद होतोय, भिंत धोक्याची झालीय, असं होऊ शकतंय, तर काय करायचं ते पण ठरवून ठेवा. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमला, ते पण बेसबॉलचंच, १९२३ मध्ये वरच्या छताच्या कडेला तांब्याची झालर होती, कमानी कमानीची. सत्तरच्या दशकात दुरुस्ती केली तेव्हा ती काढली, १९७६ ला उघडलं तेव्हा मागच्या बाजूला सिमेंटची नक्कल तेवढी होती, आणि लोकांना इतकी चुटपुट लागून राहिली की २००९ ला शेजारी नवीन स्टेडियम बांधलं तेव्हा ती झालर छताला पूर्ण गोल परत लावली, स्टीलची. लंडनला वेम्बली म्हणून फुटबॉलचं स्टेडियम आहे, तिथं तसं नाही केलं. तिथले १९२३ चे दोन पांढरे मनोरे २००३ मध्ये पाडले, लोक हळहळले, आणि नवीन स्टेडियमला मनोऱ्याची नक्कल न करता एक मोठी कमान उभी केली, १३३ मीटर उंच, जी छताचं वजन पेलती त्यामुळं आत खांब आडवे येत नाहीत. मला वेम्बलीचं जास्त पटतंय. कमानीला काम आहे म्हणून ती पण लोकांची झाली. त्या सिंहवाल्या पोरांना मी हेच विचारलं, तुमच्या कमानीला काम काय? तिच्यावर स्कोअर लागणार का, तिच्याखालनं टीम आत येणार का, सावलीला कुणी बसणार का?

लहान वस्तू असली तर हलवता पण येती. लॉर्ड्सला वाऱ्याची दिशा दाखवणारा तो म्हातारा आहे ना, दाढीवाला, खांद्यावर कोयता, स्टंपवरच्या बेल्स उचलतोय, फादर टाइम म्हणतात, तो १९२६ मध्ये सर हर्बर्ट बेकरनी भेट म्हणून बसवला, तेच बेकर ज्यांनी दिल्लीचं जुनं संसद भवन ल्युटियन्सबरोबर केलं. तो ज्या ग्रँड स्टँडवर होता तो स्टँड १९९६ मध्ये पाडला, म्हाताऱ्याला उचलून माउंड स्टँडच्या बाजूला बसवलं, आणि तो तिथं पण तितकाच लाडका आहे. कँटरबरीवाल्यांनी तर झाड आजारी आहे कळल्यावर १९९९ मध्येच दुसरं रोप तयार करून ठेवलं होतं, २००५ च्या जानेवारीत वाऱ्यानं जुनं मोडलं आणि मार्चमध्ये नवीन लावून पण झालं.

आम्ही त्यावरनं एक केलंय. पंपघराची चारी बाजूंची मापं टेपनं घेऊन वहीत काढलीत, प्रत्येक भिंतीचा सरळ समोरनं फोटो, दगडांचे थर मोजून, दाराची चौकट, रीपांचं अंतर, सगळं. सिव्हिलचा डिप्लोमा करणाऱ्या गावातल्याच एका पोरीनं ते कॉम्प्युटरवर नीट काढून दिलं. एक प्रत पंचायतीत, एक शाळेत, एक माझ्याकडं. तुम्हाला कुणाला त्या वहीचा नमुना पाहिजे असेल तर मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी या, कौलं परतायची असतात, शिडी धरायला माणूस लागतोच.